म्हातारचळ म्हणू नका

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सगळ्याच जणी हसत हसत वापरतो. घरातलं म्हातारं माणूस तेच तेच विचारायला लागलं, जेवून उठल्यावर ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणायला लागलं, की दोन शब्द हमखास ऐकू येतात. एक ‘म्हातारचळ’ आणि दुसरा ‘नाटकं’. पहिल्याने घरच्यांची जबाबदारी संपते, दुसऱ्याने त्या म्हाताऱ्या जिवालाच गुन्हेगार ठरवलं जातं. या दोन्हींच्या नादात डॉक्टरकडे जायचं तेवढं राहून जातं.

बचतगटांच्या कामामुळे मावळातल्या गावांत माझं सतत जाणं-येणं असतं. बैठक संपल्यावर एखादी सून मागे रेंगाळते आणि हळूच सांगते, ‘‘ताई, आत्या दिवसभर बऱ्या असतात. दिवेलागण झाली की गाठोडं बांधतात आणि माहेरी सोड म्हणतात. माहेरी आता कोण राहिलंय त्यांचं?’’ दुसरीकडे लोणावळ्यात चांगल्या हवेसाठी मुंबई-पुण्याहून येऊन राहिलेली निवृत्त जोडपी आहेत. मुलं लांब असतात. पावसाळ्यात धुकं उतरलं की शेजारचा बंगलाही दिसत नाही. नवऱ्याचं विसरणं बायको वर्षानुवर्षं सांभाळून, झाकून नेते. तीच आजारी पडली की सगळं एकदम उघड्यावर येतं. घर कौलारू असो की बंगला, आजार तोच आहे.

या आजाराला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली तो पहिल्यांदा मांडला. त्याच्याकडे आलेली ती पेशंट बाई तेव्हा जेमतेम पन्नाशीची होती. म्हणजे ‘वय झालं’ हे कारण पहिल्या पेशंटलाही लागू पडत नव्हतं! मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी कालपरवाच्या गोष्टी पुसल्या जातात, लहानपणच्या मागे राहतात. म्हणूनच त्या आत्यांना सकाळचा चहा आठवत नाही, पण माहेरची वाट आठवते. मेंदूला रक्त कमी पोचल्यानेही डिमेन्शिया होतो. तिथे ब्लडप्रेशर आणि साखर यांचा थेट संबंध येतो.

आमटीत मीठ घालायला विसरणं म्हणजे डिमेन्शिया नव्हे, तसं आपलंही होतं. पण जिने चाळीस वर्षं आमटी केली, तिला आधी फोडणी की आधी डाळ हेच सुचेना, नेहमीच्या वाटेवर घर सापडेना, सुनेवर दागिने चोरल्याचा आळ यायला लागला, तर मात्र थांबू नये. दरवेळी तो डिमेन्शियाच असतो असंही नाही. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, एखाद्या गोळीचा परिणाम यांमुळेही माणूस भ्रमिष्टासारखं वागतं आणि वेळेवर उपचार झाले तर सुधारतं. एकदोन दिवसांत अचानक बरळणं सुरू झालं तर लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणं हेही कारण असू शकतं. अशा वेळी तातडीने दवाखाना गाठायचा. ‘म्हातारचळ’ म्हणून घरी बसवलेल्या किती जणी बऱ्या होण्यासारख्या असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

‘गावाकडे मोकळी हवा, कष्टाचं शरीर, तिथे कुठले असले आजार?’ असं शहरातल्या मैत्रिणी म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेला देशव्यापी अभ्यास नेमकं उलटं सांगतो. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८ टक्के तर बायकांत ९ टक्के. शहरात ५.३ तर खेड्यात ८.४ टक्के. शिक्षण कमी तिथे धोका जास्त. ज्या मुलीला चौथीतून काढून भात लावायला नेलं, तिच्या म्हातारपणाशी त्या निर्णयाचा असा संबंध लागतो. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, ब्लडप्रेशर, मधुमेह, एकटेपणा ही त्यांतलीच. ती सगळी दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो, असं हा अहवाल म्हणतो. तेव्हा आजीला कमी ऐकू येतं याची थट्टा करण्यापेक्षा तिला कानाचं मशीन घेऊन दिलेलं बरं.

आता खरा मुद्दा. आपल्या आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे सरकारला हा आजार ठाऊक आहे. पण ‘हो’वर खूण झाली, पुढे काय? आशाताईने त्या आजीला कुठे पाठवायचं? लोकलने पुण्याला? एका फेरीसाठी सुनेची मजुरी बुडते, नातवाची शाळा बुडते, वर गर्दीत आजी हात सोडून उतरून गेली तर? कान्हे फाट्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातला एक दिवस स्मृतीच्या तपासणीसाठी ठरवून द्यावा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तपासणी आपल्या आज्यांना कळेल अशी हवी. जिला लिहिता येत नाही तिला ‘एक वाक्य लिहा’ सांगून नापास करण्यात काय अर्थ? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकातच हिंदीत अशी चाचणी तयार झाली. मराठीत ती गावागावांत पोचवणं अवघड नाही. केरळने तर २०१४ मध्येच डिमेन्शियासाठी राज्याचा वेगळा उपक्रम सुरू केला.

दुसरा मुद्दा घरातला. ‘आमच्याकडे म्हाताऱ्यांना आम्हीच बघतो, संस्कारच तसे आहेत’ असं पुरुषमंडळी छाती फुगवून सांगतात. यातलं ‘आम्ही’ म्हणजे कोण? रात्रीतून चार वेळा उठणारी, चादरी धुणारी, आळ ऐकून घेणारी सूनच ना? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये अल्झायमर झालेले संस्कृतचे प्राध्यापक आपण पाहिले. मोहन आगाशे यांचं काम बघून डोळे ओलावले. पण थिएटरबाहेर आल्यावर किती मुलग्यांनी आईला एकदा स्वतःच्या हाताने आंघोळ घातली? संस्कार असतील तर ते वाटून घ्या. मुलाने रात्र सांभाळावी, लेकीने महिन्यातले आठ दिवस न्यावं, आणि सुनेला आठवड्यातून एक दुपार तरी तिची स्वतःची मिळावी. समाजमंदिरं दुपारी रिकामीच असतात. तिथे आठवड्यातून दोन दिवस या मंडळींना बसवता येईल. तांदूळ निवडणं, वाती वळणं, जुन्या ओव्या म्हणणं, हातांना हे अजून येत असतं. ग्रामपंचायतीने मनावर घ्यावं आणि बचतगटांनी चालवावं.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण मावळात ती बोललीच पाहिजे. एक्सप्रेस-वे झाला, बंगले-रिसॉर्ट आले, इथल्या गुंठ्याला सोन्याचा भाव आला. अशा वेळी सातबाऱ्यावर नाव असलेल्या आजीला काही कळेनासं झालं, की तिचा अंगठा फार मोलाचा होतो. कागदात काय लिहिलंय हे समजण्याची कुवत नसताना केलेला करार टिकत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. पण तो तसा होता हे सिद्ध करायला तब्येतीचे कागद लागतात. आणि ‘म्हातारचळा’ची केसपेपरवर नोंद नसते! वेळेवर निदान झालं तर आजीला शहाणपण शिल्लक असताना स्वतःच्या मनासारखं मृत्युपत्र करता येतं, पुढे कुणी घाई केली तर तिची बाजूही राहते.

हा आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. काही गोळ्यांनी काही काळ आधार मिळतो, एवढंच. पण वागणं बदलून पुष्कळ त्रास कमी होतो. ‘तुमची आई मरून तीस वर्षं झाली’ असं सांगून आत्यांना रोज नव्याने रडवण्यापेक्षा ‘चहा घेऊ, मग निघू’ म्हणावं. चहा होईपर्यंत गाठोडं बहुतेक वेळा विसरलेलं असतं. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी शिवून ठेवावी. आणि आपला जीव मेटाकुटीला आला तर १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. गणपती-नवरात्राच्या धामधुमीत तो येतो आणि जातो. मैत्रिणींनो, त्याची वाट बघू नका. या आठवड्यात तुमच्या वस्तीतल्या आशाताईला गाठा आणि विचारा, ‘‘त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या आपल्या गावात किती आहेत आणि त्यांचं पुढे काय झालं?’’ तिच्याकडे उत्तर नसेल तर दोष तिचा नाही. तिला सोबत घेऊन पुढच्या ग्रामसभेत हाच प्रश्न पुन्हा विचारा, आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.