फळ्याशेजारचा पडदा

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. २०२० मध्ये गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. आज दुसरीतलं मूल कोड स्कॅन करून कविता ऐकू शकतं. पण घरातला एकुलता मोबाइल वडिलांसोबत शेतावर किंवा कामावर गेलेला असतो. आम्हाला या अंकाची सुरुवात तिथूनच करावीशी वाटली. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला पडदा कधी हात देतो, पाटी-पेन्सिलच कधी बरी पडते, हे शिक्षकांनीच लिहिलं आहे. तुमच्या शाळेतला, घरातला अनुभव आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.