संत्रा कलमा आणि ‘क्लीन प्लांट’: शेंदूरजनाघाटच्या नर्सऱ्यांनी आधी कशाचं नियोजन करावं?

वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट म्हणजे संत्रा कलमांचं गाव. इथल्या कलमा वऱ्हाडाबाहेर मध्य प्रदेश, राजस्थानपर्यंत जातात. या धंद्याची पद्धत आता बदलू घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 ऑगस्ट 2024 रोजी ‘क्लीन प्लांट प्रोग्राम’ला मंजुरी दिली. खर्च 1,765.67 कोटी रुपये, देशभरात नऊ केंद्रं आणि त्यात संत्रावर्गीय फळांसाठी एक केंद्र नागपूरला. चर्चा होते ती नेट हाऊसची आणि अनुदानाची. पण नर्सरीत रोज राबणाऱ्या माणसांचं काम कसं बदलेल, हे कोण ठरवणार?

क्लीन प्लांट म्हणजे नेमकं काय?

झाड दिसायला हिरवंगार असलं तरी त्यात ग्रीनिंगचे जिवाणू किंवा ट्रिस्टेझाचा विषाणू असू शकतो. अशा झाडाचे डोळे काढून हजार कलमा बांधल्या, की रोग हजार जागी पोचतो. शेतकऱ्याला ते कळतं काही वर्षांनी, बाग लावण्याचा खर्च होऊन गेल्यावर.

म्हणून मातृवृक्षाची आधी पीसीआर चाचणी करायची. कोरोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोचलं, तेच तंत्र. रोग निघाला तर शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग घेऊन प्रयोगशाळेत रोगमुक्त झाड तयार करता येतं. अशी झाडं कीडरोधक जाळीत वाढवायची आणि नर्सरीला डोळे तिथून आलेल्या झाडांचेच द्यायचे.

मग नर्सरीत काय बदलेल?

जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरणाऱ्या कारागिराचा हात तोच राहील. ते काम मशीन करत नाही. बदलेल ते आजूबाजूचं सगळं:

- डोळा: ओळखीच्या बागेतून नाही, चाचणी झालेल्या झाडावरून.
- माती: शुद्ध डोळा आणला तरी डिंक्या आणि मूळकुजीची बुरशी मातीतून येतेच. त्यामुळे उघड्या वाफ्याऐवजी पिशवी आणि निर्जंतुक केलेली माती.
- चाकू: काही रोग चाकूनेही पसरतात. झाड बदललं की चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायचा.
- नोंद: कोणत्या लॉटला कोणता डोळा, कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवायचं.

खरी अडचण मजुरीची

जिथे मजुरी कलमांच्या संख्येवर ठरते, तिथे चाकू धुण्यात गेलेला वेळ कारागिराच्याच खिशातून जातो. मालकाने कितीही बजावलं तरी घाईच्या हंगामात तो टप्पा गळणार. नेट हाऊसवर लाखो खर्च करून साखळी इथे तुटू शकते. दर ठरवतानाच चाकू धुण्याचा आणि नोंदीचा वेळ त्यात धरायला हवा. नोंद ठेवणारा माणूसही ठरलेला हवा. ‘कोणीतरी लिहील’ म्हटलं की कोणीच लिहीत नाही.

वेळ किती आहे?

बी टाकण्यापासून विक्रीयोग्य कलम होईपर्यंत साधारण दोन वर्षं जातात. म्हणजे आज ठरवलेला बदल बाजारात दिसेल तो दोन वर्षांनी. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात 2003 पासून संत्रावर्गीय रोपं उघड्यावर तयार करायला बंदी आहे. तिथे रोगाने बागा पोखरल्यावर नियम आला. आपल्याकडे अजून सक्तीच्या आधीचा काळ आहे, तो वापरून घेता येईल.

छोट्या नर्सरीवाल्याने एकदम सगळं बदलायची गरज नाही. पहिल्या हंगामात एकच लॉट नव्या पद्धतीने करावा. त्यात किती मजूर-दिवस लागले, किती कलमा मेल्या, दर किती मिळाला, हे लिहावं. जुन्या लॉटशी ताडून पाहावं आणि मगच जाळीसाठी कर्ज काढावं. चार-पाच जणांनी मिळून मातृवृक्षांची एक जाळी उभारली, तर खर्चही वाटून जातो.

आणि हा हिशेब मांडताना डोळा भरणाऱ्याला सोबत बसवा. कोणता टप्पा घाईत गळतो, हे त्याला सगळ्यांत आधी कळतं.