पाटी आपली, रस्ता सर्वांचा

दुकानाची पाटी म्हणजे व्यापाऱ्याची इज्जत. ती किती मोठी असावी, तिचा रंग कोणता असावा, रात्री तिच्यावर दिवा किती वेळ जळावा, हे दुसऱ्याने सांगितले की आपल्याला राग येतो. जागा माझी, पैसा माझा, मग नगरपालिकेचा काय संबंध, असा सवाल आपण करतो. हाच सवाल अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांनाही पडतो. तिथल्या ॲरिझोना या एकाच राज्यातील तीन गावांचे किस्से आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवतो.

पहिले गाव सिएरा व्हिस्टा. गावाला लागून लष्कराची छावणी आहे. कामाच्या वर्दीत असताना छावणीबाहेर गाडीतून उतरायला सैनिकांना मनाई होती. तेव्हा तिथल्या मॅकडोनाल्ड हॉटेलवाल्याने १९७५ साली भिंतीत खिडकी पाडली आणि गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात खाणे देऊ लागला. त्या कंपनीची ही पहिली ‘ड्राइव्ह-थ्रू’ खिडकी. धंद्याची अक्कल यालाच म्हणतात! पण खिडकी आली की गाड्यांची रांग आली. रांग आवारात मावली तर ठीक, नाही तर ती रस्त्यावर येते. मग शेजारच्या दुकानाचे तोंड अडते, पायी चालणाऱ्याला वाट राहत नाही आणि ऑर्डर घेणाऱ्या भोंग्याचा आवाज शेजाऱ्याच्या घरात शिरतो. म्हणून तिथल्या अनेक शहरांत अशा हॉटेलचा नकाशा आधी नियोजन मंडळापुढे ठेवावा लागतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, जाहीर सुनावणी होते. किती गाड्या आवारात उभ्या राहतील, पाटी किती उंच, दिव्याचा झोत कुणाच्या खिडकीवर पडेल, हे विचारले जाते. दुसऱ्या एका राज्यातील मिनियापोलिस शहराने तर २०१९ साली अशा नव्या खिडक्यांना सरसकट बंदी केली.

दुसरे गाव सेडोना. लाल डोंगरांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पर्यटकांवर जगते. १९९३ साली मॅकडोनाल्ड तिथे आले तेव्हा शहराने सांगितले की, तुमची भडक पिवळी कमान आमच्या डोंगरांपुढे शोभणार नाही. कापडाच्या धंद्यात एवढी वर्षे गेल्यावर मला ही गोष्ट लगेच पटते. एका थानाशेजारी दुसरे कोणते थान ठेवायचे यावर दोन्हींचा उठाव ठरतो. शेवटी बोलणी होऊन कमान फिरोजी रंगाची झाली. नुकसान झाले का? उलट ती फिरोजी कमान पाहायला आणि तिचा फोटो काढायला लोक मुद्दाम थांबतात. एवढ्या बड्या कंपनीने गावाचे ऐकले आणि त्यातून तिचीच जाहिरात झाली.

तिसरे गाव गिल्बर्ट. येथे चूक गावाची होती. एका लहान चर्चला स्वतःची इमारत नव्हती. प्रार्थना कुठे आहे हे सांगणाऱ्या पाट्या ते लोक रस्त्याकडेला लावत. त्या पाटीला फक्त ६ चौरस फुटांची परवानगी; प्रार्थनेच्या १२ तास आधी लावायची आणि संपल्यावर तासाभरात काढायची. राजकीय पाट्यांना मात्र काही जागी ३२ चौरस फुटांपर्यंत मोकळीक होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ साली सर्व न्यायमूर्तींनी एकमताने चर्चच्या बाजूने फैसला दिला. पाटीचा आकार, दिवे, साहित्य यावर गावाने जरूर नियम करावेत, पण पाटीवर काय लिहिले आहे हे बघून एकाला सवलत आणि दुसऱ्याला सक्ती, असे चालणार नाही, असा त्याचा मतलब. खटला दुकानाचा नव्हता, पण त्यातली इन्साफाची गोष्ट प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माझे मत साफ आहे. रस्ता, उजेड आणि आवाज यांवर मोहल्ल्याचा हक्क आहे. तो मानल्याने धंदा बुडत नाही. मात्र नियम सर्वांना सारखा हवा, आणि तो ठरताना व्यापारी हजर हवा.

आपण इथेच कमी पडतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. मुदत ठरलेली असते. आमच्या पेठेत रस्तारुंदीची रेघ आखली गेली तेव्हा नोटीस निघाली होती. आम्ही कुणी ती वाचली नाही. दुकानांचे ओटे आणि पाट्या काढायची वेळ आली तेव्हा सगळे जमलो, पण तोवर मुदत संपली होती. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता.

तेव्हा बंधूंनो, पेठेतील दहा दुकानदारांनी मिळून एक जाणता माणूस नेमावा. त्याने नोटिसा वाचाव्यात, नकाशा पाहावा, मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. त्याचबरोबर प्रत्येकाने आपल्या पाटीमुळे आणि फुटपाथवर मांडलेल्या मालामुळे कुणाची वाट अडते का, हेही पाहावे. ज्याने स्वतःचा ओटा आवरला आहे, त्याचीच हरकत सुनावणीत वजनदार ठरते.