टंचाई कोणाच्या वाट्याला?

बांधकाम-साहित्याच्या टंचाईची चर्चा निघाली की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, सरकारने नियंत्रण आणावे; दुसरे, नियंत्रणे उठवावीत, म्हणजे माल आपोआप येईल. या दोन्ही उत्तरांची परीक्षा महाराष्ट्रात होऊन गेली आहे आणि दोन्ही वेळा गरिबाचे घर जोत्यावरच राहिले.

सिमेंटला परवाना लागत असे तो काळ अनेकांच्या स्मरणात असेल. दुरुस्तीला चार पोती हवी असणाऱ्याने पुरवठा कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि बिल्डरचे काम मात्र अडू नये, हा तेव्हाचा रिवाज. त्यामागचा व्यवहार समाजवादी चळवळीतील प. बा. सामंत व त्यांच्या सहकाऱ्यांच्या याचिकेने चव्हाट्यावर आला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटचे वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध नोंदवला. मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्या लढ्याचा आपणांस अभिमान आहे व तो रास्तच आहे. तथापि नियंत्रण म्हणजेच समाजवाद हे समीकरण आपल्याही डोक्यात पक्के होते, आणि परवान्याची किल्ली ज्याच्या हाती तोच मालक होतो हे आपण वेळीच सांगितले नाही, याची कबुली दिली पाहिजे.

१९८२ साली अंशतः व १९८९ साली पूर्णतः नियंत्रण उठले. कारखाने वाढले, आज सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारत आहे. मग टंचाई संपली काय? २०१२ साली स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. क्षमता असूनही कंपन्यांनी संगनमताने पुरवठा आखडला आणि भाव चढवले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अपिलात प्रकरण परत आले, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दंड वसूल झाला तरी जाणार सरकारी तिजोरीत. चढ्या भावाने पोते घेणाऱ्याच्या हाती त्यातले काय पडणार?

वाळूचे गणित याहून निर्दय आहे. घरकुलाचे मूळ अनुदान मैदानी भागात २०१६ पासून १ लाख २० हजार रुपये. राज्याने २०२५ मध्ये त्यात भर घातली. परंतु हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना बांधलेले. वाळू नाही म्हणून जोते नाही, जोते नाही म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून हप्ता नाही. तोवर गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो आणि कुटुंबाचा आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली जातो. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचा गाजावाजा झाला. दोन वर्षांत ते धोरण गुंडाळून पुन्हा लिलाव आले. सोबत घरकुलांसाठी १० टक्के वाळू राखीव व लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत मोफत, अशी घोषणा. (ती घाटावरून दारापर्यंत आणणारा टिप्पर मोफत येत नाही, ही गोष्ट वेगळी.)

आपली मागणी नेमकी हवी. घाटाचा राखीव साठा किती, कोणत्या तारखेला कोणाला किती ब्रास मिळाली, याचे वाचन ग्रामसभेत व्हावे आणि घरकुलांचा वाटा उचलला जाईपर्यंत लिलावधारकाचा एकही टिप्पर घाटाबाहेर पडू नये. सिमेंटची एकत्रित खरेदी तालुका खरेदी-विक्री संघाने करावी. कार्यकर्त्यांनी त्याआधी आपापल्या तालुक्यातील अपुऱ्या घरकुलांची यादी करावी. कोणाचा कोणता हप्ता कोठे अडला, ही नोंद तीत प्रत्येक नावापुढे असावी.