दुय्यम खेळाडू, अव्वल गुरू

‘ज्याला स्वतःला मोठे होता आले नाही, तो दुसऱ्याला काय मोठे करणार?’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. जिमखान्यात म्हटले जाते, वर्गात म्हटले जाते, घरीदारीही म्हटले जाते. मला हे म्हणणे मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी इंग्लंडमधल्या एका फुटबॉलपटूचे उदाहरण घेतो.

ग्रॅहम टेलर यांचा जन्म १९४४ चा. शाळेचे शिक्षण अर्ध्यावर सोडून ते फुटबॉलकडे वळले. त्या काळी इंग्लंडच्या लीगमध्ये चार श्रेणी होत्या. टेलर खेळले ते ग्रिम्सबी टाउन आणि लिंकन सिटी या खालच्या श्रेणींतल्या संघांकडून, बचावफळीत. देशाच्या संघात त्यांची वर्णी कधी लागली नाही. १९७२ साली खुब्याच्या दुखापतीने खेळणे कायमचे सुटले. वय अवघे २८!

अशा माणसाला आपण ‘संपला’ म्हणतो. लिंकन सिटीने मात्र त्याच डिसेंबरात संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. १९७६ साली लिंकन चौथ्या श्रेणीत पहिले आले. ४६ सामन्यांत हार फक्त ४, आणि गोल १११! १९७७ मध्ये टेलर वॉटफर्डला गेले. गायक एल्टन जॉन तेव्हा त्या क्लबचे अध्यक्ष होते. चौथ्या श्रेणीतला हा संघ १९८२ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि १९८३ मध्ये लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरा आला.

हे कशाने घडले? माझ्या मते, ज्याच्या पायात उपजत जादू असते, त्याला विचार करण्याची गरजच पडत नाही. साध्या खेळाडूला ती पडते. वेग कमी, म्हणून दोन पावले आधी निघायचे. ताकद कमी, म्हणून जागा हेरून उभे राहायचे. त्याचे ज्ञान कष्टाने मिळालेले असते. म्हणूनच ते पायरीपायरीने दुसऱ्याला देता येते.

टेलर यांना अपयश आले नाही असे नाही. १९९० मध्ये ते इंग्लंडच्या संघाचे व्यवस्थापक झाले. पण १९९४ च्या विश्वचषकासाठी संघ पात्र ठरला नाही आणि त्यांना पद सोडावे लागले. एका वृत्तपत्राने तर त्यांचा चेहरा सलगमाच्या रूपात छापून टवाळी केली. तेच टेलर पुन्हा वॉटफर्डला परतले आणि १९९९ मध्ये त्यांनी तो संघ पुन्हा सर्वोच्च श्रेणीत नेला. २०१७ साली ते वारले. एका निकालावर माणूस मोजायचा नसतो, हेही त्यांच्याकडून शिकावे.

मित्रहो, परक्या देशातल्या या माणसाविषयी मला इतके का वाटावे? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मला काही उमगत नसे. ते मला समजावले ते वर्गात पहिल्या येणाऱ्याने नव्हे, तर त्याच विषयात दोनदा नापास होऊन पास झालेल्या, आमच्या पुढच्या वर्गातल्या एका दादाने. मी नेमका कुठे अडणार हे त्याला ठाऊक होते, कारण तोही तिथेच अडला होता.

आपल्या महाविद्यालयात विद्यापीठ संघात निवड न झालेले तिसऱ्या वर्षाचे खेळाडू मैदानाकडे पुन्हा फिरकत नाहीत. तीन वर्षांचे शहाणपण त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. जिमखाना विभागाने प्रथम वर्षाचे संघ आठवड्यातून दोन संध्याकाळी या मुलांच्या हाती द्यावेत, अशी माझी विनंती आहे. खर्च म्हणाल तर एका शिट्टीचा. जिमखान्याच्या फलकावर चषक जिंकणाऱ्यांची नावे लागतात. त्यांच्याखाली, त्यांना शिकवणाऱ्यांच्या नावांसाठीही एक ओळ असावी.

– द्वितीय वर्ष, कला