फोर्थ ॲक्सिसचा झीरो जॉबवर नको, सेंटरवर घ्या!

व्हीएमसीवर रोटरी लावली तरी बरेच जण झेडचा झीरो जॉबच्या वरच्या फेसवरच घेतात. माझं स्पष्ट मत आहे, वाय आणि झेड रोटरीच्या सेंटरवरच घ्या. कच्च्या मालाचा साइझ कमी-जास्त येतो, सेंटर मात्र हलत नाही.

४० एमएमचा ग्राउंड बार चकमध्ये धरा, डायल लावून रनआउट काढा. वायमध्ये दोन्ही बाजू टच करून मध्य घ्या. झेडमध्ये वरून टच करून २० एमएम खाली झीरो. कॅममध्येही ओरिजिन तिथेच ठेवा.

वाय फक्त ०.०५ एमएम चुकला, तरी १८० डिग्री फिरवल्यावर समोरासमोरची भोकं ०.१ एमएमने हुकतात. जॉबवर्कमध्ये माल पार्टीचा असतो, रिजेक्शन आपल्या बिलातून कापलं जातं. मग सेटिंगचा अर्धा तास वाचवून कमावलं काय?