"किती किलो?" विचारण्याआधी "काय करणार?" हे विचारा

मळवलीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणूनच ओळखतात. घर ख्रिस्ती. दर डिसेंबरात त्या लोकलने एक स्टेशन पुढे लोणावळ्याला येतात आणि नाताळच्या जेवणाचा बाजार करून परततात. काही वर्षांपूर्वी त्यांनी आपल्याच एका बांधवाच्या दुकानात दोन अख्ख्या कोंबड्या सांगून ठेवल्या होत्या. कातडी काढायची नाही, गरम पाण्यात बुडवून फक्त पिसे काढायची, हे दोनदा बजावले होते. दुकानदार म्हणाला, "बाई, झालेच समजा." २४ तारखेला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सत्तुरावर बसलेल्या पोऱ्याने सवयीप्रमाणे दोन्ही कोंबड्यांची कातडी ओढली, तुकडे केले, पिशवी बांधली आणि बाईंच्या हातात दिली. पिशवी उघडली ती मळवलीला घरी पोहोचल्यावर.

बाई रागावल्या नाहीत. "रस्सा बरा झाला हो," एवढेच त्या मला म्हणाल्या. पण पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा मुंबईहून येताना बर्फाच्या पेटीत कोंबड्या घेऊन आला, आणि कोंबड्यांबरोबर मटण, पाव आणि केकही तिकडूनच आला. दोन कोंबड्यांच्या कातडीपायी एका घराचा सणाचा सगळा बाजार गेला. दुकानदाराला मात्र त्याचा आजवर पत्ता नाही. गिऱ्हाईक भांडून गेले तर कळते, गप्प बसून गेले तर कसे कळणार?

नाताळच्या जेवणात काय करायचे याचा विचार त्या घरात पंधरा दिवस चालतो. आपल्याकडे बकरी ईदला कोणता वाटा कोणाकडे जाणार आणि बिर्याणी किती माणसांची, हे जसे आधी ठरते तसेच. आपण दुकानदार मात्र त्या विचारात अगदी शेवटी शिरतो आणि एकच प्रश्न विचारतो, "किती किलो?" माझे म्हणणे आहे की आपला पहिला प्रश्न "काय करणार?" हा असावा.

मावळात नाताळचे जेवण एकाच तऱ्हेचे नसते. मराठी ख्रिस्ती घरात, म्हणजे ज्यांची मुळे नगर, पुणे, सोलापूर या बाजूची आहेत त्यांच्याकडे, करंजी, चकली, शंकरपाळे असा फराळ होतो आणि जेवणाला मटण किंवा बिर्याणी असते. या घरांना काय लागते हे आपल्याला सांगावे लागत नाही, कारण त्यांची बिर्याणी आणि आपली बिर्याणी यांत मसाल्याच्या हाताएवढाच फरक. वसई आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतले ख्रिस्ती, ज्यांनी १८८७ साली स्वतःसाठी ईस्ट इंडियन हे नाव घेतले, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे बॉटल मसाला असतो. वीस-पंचवीस जिनसा भाजून, कांडून बाटलीत ठासून भरतात म्हणून हे नाव. त्या मसाल्याचे मटण, बदकाचे किंवा कोंबडीचे मोयले आणि त्याबरोबर फुगे, म्हणजे मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे, खमीर घालून फुगवलेले आणि तेलात तळलेले गोल पाव. गोव्याकडच्या घरात नेवऱ्या होतात, त्या आपल्या करंजीच्या सख्ख्या बहिणी. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि पाव हा शब्दही. तेव्हा पाव भाजून पोट भरणाऱ्याने नाताळला परके समजावे हे मला तरी जुळत नाही.

याशिवाय बंगल्यांवर येणारी मंडळी आहेत. कार्ला, भाजे, लोहगडाच्या पायथ्याची घरे नाताळपासून नव्या वर्षापर्यंत भाड्याने जातात. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईचा माणूस सकाळी ठरवून दुपारी मळवलीत पोहोचतो. त्याला रोस्ट हवे असते.

रोस्टबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या दुकानांची अडचण इथेच होते. आपल्याकडची कोंबडी रश्श्यासाठी कापली जाते, म्हणून कातडी काढण्याचा हात बसलेला आहे. ओव्हनमध्ये अख्खी भाजायची कोंबडी कातडीसकट लागते. कातडीखालची चरबी वितळून मांसाला ओलावा देते. कातडी गेली की छातीचा भाग कोरडा पडून लाकडासारखा होतो. दुसरी गोष्ट आकाराची. घरगुती लहान ओव्हनमध्ये साफ केलेली सव्वा किलोच्या आसपासची कोंबडी नीट बसते, त्यासाठी जिवंत पक्षी दोन किलोच्या आतला निवडावा. मोठ्या पक्ष्यात आपले वजन वाढते, पण गिऱ्हाइकाच्या ओव्हनचे दार लागत नाही. तिसरी गोष्ट वेळेची. रोस्टला मसाला लावून रात्रभर ठेवावे लागते. ज्याचे जेवण २४ च्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर आहे त्याला माल २३ ला हवा, ज्याचे २५ च्या दुपारी आहे त्याला २४ च्या सकाळी. २४ च्या संध्याकाळी दिलेली कोंबडी कोणाच्याच कामाची नाही. मटणाचेही तसेच. रोस्टला मागची अख्खी रान लागते, बिर्याणीला चाप, सीना आणि नळी, मोयल्याला मध्यम तुकडे. ओंडक्यावर सत्तूर पडल्यावर रान परत जोडता येत नाही.

आता केक. केकच्या बाबतीत आपले कारीगर मागे आहेत असे मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईपासून उत्तरेपर्यंत भट्टी आपल्या लोकांच्या हातात पिढ्यान्पिढ्या आहे. अलाहाबादेत, म्हणजे २०१८ पासूनच्या प्रयागराजात, ख्रिस्ती कुटुंबे मैदा, तूप, अंडी, पेठा, मुरंबा घेऊन बेकरीच्या दारात रांग लावतात आणि कारीगर त्यांच्यासमोर मिश्रण फेटून केक भाजून देतो. त्या कामात नाव कमावलेली तिथली बेकरी एका मुस्लिम कुटुंबाची आहे. घरचा केक आणि शेजारची भट्टी हा रिवाज आपल्याकडेही होता, घरोघरी ओव्हन आले तसा तो कमी झाला. मला वाटते तो पुन्हा चालू करण्यासारखा आहे. पावाची खेप निघाल्यावर भट्टीची धग उतरू लागते, आणि सुकामेव्याच्या जड केकला अशीच उतरती, संथ आच लागते. त्या वेळेत भट्टी रिकामी ठेवण्यापेक्षा डब्यामागे भाजणावळ घेऊन नाताळच्या आठवड्यात ती गिऱ्हाइकांना दिली तर लाकडाचा खर्चही वसूल होतो.

यात एक नाजूक बाब आहे. नाताळच्या केकचा मेवा रममध्ये भिजवण्याची पद्धत आहे. आपल्या भट्टीत आपण तसे करणार नाही, यात वाद नाही. पण संत्र्याच्या रसात मनुका, बेदाणे, संत्र्याची साल दोन दिवस थंड जागी भिजवून ठेवली तर मेवा चांगला फुगतो आणि वासही उत्तम येतो. नागपूरच्या आंबिया बहराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात. काळा रंग जाळलेल्या साखरेच्या पाकाने येतो, त्याला दारूची गरज नाही. एवढे मात्र खरे की असा केक रमच्या केकइतका टिकत नाही. तेव्हा तो महिनाभर आधी करून ठेवू नये, २० तारखेनंतर करावा आणि किती दिवसांत संपवायचा ते खोक्यावर लिहावे. गिऱ्हाइकाने घरून आणलेल्या मिश्रणात रम असेल तर ते भाजावे की नाही, हा मसला आपल्या आलिमांना विचारून नोव्हेंबरातच ठरवावा आणि दुकानात तशी पाटी लावावी. डबा गल्ल्यावर ठेवल्यावर, चार माणसांत, "हे आम्ही भाजत नाही" म्हणणे हा त्या माणसाचा अपमान आहे. आधी सांगितले तर तोच माणूस म्हणतो, "बरे झाले सांगितलेत, मी रसाचे करून आणतो."

काही बांधव याहून पुढे जाऊन म्हणतात की दुसऱ्याच्या सणाचा माल विकणेच बरोबर नाही. त्यांच्या नीयतीबद्दल मला शंका नाही. पण आपण कोंबडी विकतो, मटण विकतो, पाव विकतो. हे वर्षभर हलाल असते आणि २५ डिसेंबरलाही हलालच असते. अहले किताबच्या अन्नाबद्दल सूरह माइदात काय आले आहे हे वाचकांना ठाऊक आहे. १९९८, १९९९ आणि २००० या तिन्ही वर्षी नाताळ रमजानमध्ये आला होता. तेव्हा भट्टीवर रोज्याने असलेला कारीगर सहेरीचा पाव आणि नाताळचा केक एकाच रात्री काढत होता आणि त्याच्या रोज्यात काही कमी झाले नाही. नाताळच्या जेवणात डुकराचे सोरपोतेल आणि इंदियाल असते, ते आपल्या दुकानाबाहेरचे आहे. तो माल गिऱ्हाईक दुसरीकडून घेईल, आपण नाक मुरडण्याचे कारण नाही.

मोठ्याच्या मांसाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. पुण्याच्या कॅम्पात, खडकीत, जुन्या घरांत नाताळला बीफ रोस्ट आणि मीठ लावून मुरवलेली जीभ ठरलेली असे. गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळूही त्यात आले. २०१६ च्या मेमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीची बंदी कायम ठेवली. उरली म्हैस. कुरेशी बिरादरीच्या धंद्यावर याचा किती घाव बसला हे इथे पुन्हा सांगत नाही. पण नाताळात मागणी आली की जो म्हशीचा माल देईल त्याने बिलावर म्हशीचे असे साफ लिहावे आणि कत्तलखान्याचा कागद दुकानात ठेवावा. एका रोस्टसाठी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही पोलीस चौकीत बसावेत असे दिवस आपण पाहिले आहेत. ज्याच्याकडे कागद नाही त्याने "मटणाची रान घ्या" म्हणावे. ती रोस्टला कमी पडत नाही.

नाताळला अमुकच खावे असे जगात कुठे लिहून ठेवलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. इंग्लंडात टर्की, जर्मनीत हंस, पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री मांसच नाही, मासा. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती लांबलचक उपवास सोडून ७ जानेवारीला नाताळ करतात आणि भात, भाजलेली भाकरी, रस्सा व मांसाचा फत्ता खातात. तोच फत्ता त्यांचे मुसलमान शेजारी बकरी ईदला खातात. आणि जपानचे उदाहरण तर दुकानदाराने पाठ करावे असे आहे. तिथे ख्रिस्ती लोक अगदी थोडे. १९७४ साली केंटकी फ्राइड चिकनने देशभर जाहिरात केली की नाताळला आमची कोंबडी खा. आज तिथली कुटुंबे त्यासाठी आठवडे आधी नाव नोंदवतात. जेवणात काय असावे हे तिथे एका दुकानाने ठरवले! आपण निदान गिऱ्हाइकाने ठरवलेले तरी नीट द्यावे.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक वेगळी वही उघडावी. त्यात नाव, पदार्थ, माणसे किती, जेवण कधी, आणि कातडीसकट की सोलून, एवढे लिहावे. इसार घ्यावा आणि भाव त्याच दिवशी सांगावा. २४ तारखेला गर्दी पाहून भाव चढवणाऱ्यांना मी ओळखतो. त्या एका संध्याकाळची कमाई जानेवारीत दिसत नाही. पोऱ्याला वहीतली पाने आदल्या रात्री वाचून दाखवावीत, कारण चूक बहुतेक वेळा मालकाकडून नव्हे, ऐकलेले पुढे न सांगितल्याने होते. आणि वहीत लिहिताना जेवायला कोण येणार हेही सहज विचारावे. मळवलीसारख्या गावात नाताळला मुसलमान शेजाऱ्याला बोलावणारी घरे आहेत. अशा घरात बाई आधीच ठरवतात की मटण आपल्या दुकानातून आणायचे, केक रसाचा करायचा आणि सोरपोतेल करायचेच तर मटण-कलेजीचे. आपल्यासाठी कोणी एवढा विचार करून जेवण ठरवत असेल तर कलेजी ताजी देणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

बाईंना मी परवा विचारले, यंदा काय करणार? त्या म्हणाल्या, मटण बिर्याणी नातवंडांसाठी, फुगे वसईची सून करणार आहे, आणि मुलाचा हट्ट म्हणून एक अख्खी कोंबडी. कोंबडी कुठून घ्यायची ते अजून ठरलेले नाही.